गल्ली आपली, मग हिशेबही आपणच मागायचा

पहिला पाऊस पडला की वृक्षारोपणाचे फोटो येऊ लागतात. एक रोप, त्याला हात लावून उभे असलेले सात-आठ जण, मागे बॅनर आणि बॅनरवर रोपापेक्षा मोठे चेहरे. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी जाऊन पाहा. बहुतेक वेळा तिथे वाळलेली काडी असते, नाहीतर लावलेली मोटारसायकल. स्वच्छता मोहिमांचेही तेच होते. रविवारी झाडू फिरतो, बुधवारी कचऱ्याचा ढीग परत जागेवर.

हे वर्षानुवर्षे होत आल्याने आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य रुजले आहे: "यहाँ कुछ नहीं हो सकता." शिकलेली मुलेच ते जास्त म्हणतात आणि संधी मिळताच मोहल्ला सोडतात. बाहेरचे लोक आपल्या वस्त्यांना काय काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. त्याचा राग येतो आणि यायलाच हवा. पण तेच मत आपल्या तोंडून येऊ लागले, तर महापालिकेला आणखी काय हवे?

म्हणून गोवंडीकडे नीट पाहायला हवे. मुंबईचा कचरा जिथे वर्षानुवर्षे टाकला गेला, ती देवनारची कचराभूमी १९२७पासून इथे आहे. जानेवारी २०१६मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर मुंबईत दूरवर पसरला, तेव्हा कुठे बाकीच्या शहराला तिची आठवण झाली. गोवंडीतल्या लोकांना ती रोजच असते. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. इथे मुस्लिम आणि दलित वस्ती मोठी आहे. शहराला नको असलेल्या गोष्टी इथे आणून ठेवण्याची रीत जुनी आहे, आणि नको असलेली माणसेही.

नटवर पारेख कंपाऊंड ही याच गोवंडीतली पुनर्वसन वसाहत. रस्ते आणि उड्डाणपूल यांसाठी मुंबईत ज्यांची घरे पाडली, अशा कुटुंबांना इथे आणले गेले. घर २२५ चौरस फुटांचे. इमारती सात मजल्यांच्या आणि दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, वारा फिरत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने केलेल्या आणि २०१८मध्ये समोर आलेल्या अभ्यासात गोवंडी परिसरातल्या तीन पुनर्वसन वसाहती तपासल्या होत्या. ज्या दोन वसाहती दाट आणि अंधाऱ्या होत्या तिथे क्षयरोग तिसऱ्या, तुलनेने मोकळ्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळला. नटवर पारेख त्या दाट दोनपैकी एक. अशा ठिकाणी झाड, मोकळी जागा आणि उजेड यांची मागणी चैनीची ठरत नाही. ती फुप्फुसांची मागणी आहे.

इथल्या इमारतींमधल्या अरुंद गल्ल्या कचऱ्याने भरलेल्या असत. वरून पिशव्या पडत, गटारे तुंबत आणि खालून कोणी चालत नसे. 'कम्युनिटी डिझाइन एजन्सी' ही संस्था रहिवाशांसोबत इथे काम करू लागली. तिने आधी नकाशा काढून मग लोकांना बोलावले नाही. आधी बैठका झाल्या, बायका आणि मुले बोलली, काय हवे ते त्यांनी सांगितले. मग गल्ली साफ झाली, फरशी आली, बसायला जागा झाली, कुंड्या आणि झाडे आली, भिंती रंगल्या. 'किताब महल' नावाचे मुलांचे वाचनालय सुरू झाले. फेब्रुवारी २०२३मध्ये याच कंपाऊंडमध्ये पाच दिवसांचा 'गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल' भरला. त्यात गोवंडीच्याच मुलामुलींचे रॅप, नाटक, छायाचित्रे आणि लघुपट होते. लोकांनी स्वतः बनवलेले कंदील घेऊन मिरवणूक निघाली.

यातून आपण काय घ्यायचे? 'भिंती रंगवा आणि फेस्टिव्हल करा' इतकाच अर्थ काढला तर मोठी चूक होईल. भिंत रंगवणे सोपे असते. तुंबलेले गटार तसेच ठेवून रंगवलेली भिंत ही त्या गटारावरचा पडदा असते. नटवर पारेखमध्ये पहिला प्रश्न 'इथे काय सुंदर दिसेल' हा नव्हता. 'इथून तुम्ही चालत का नाही' हा होता. उत्तरे गटाराची होती, अंधाराची होती, वरून पडणाऱ्या पिशवीची होती. कोणत्याही मोहल्ल्यात काम सुरू करणाऱ्यांनी आधी हा प्रश्न विचारावा. आणि तो फक्त नाक्यावर उभ्या असलेल्या पोरांना विचारू नये.

कारण आपल्याकडे 'तरुण' म्हटले की डोळ्यांसमोर मुलगेच येतात. क्रिकेटचे मैदान मुलांचे, चहाची टपरी मुलांची, व्यायामशाळा मुलांची. त्याच वयाची मुलगी गल्लीतून जाते, थांबत नाही. बाक बसवले आणि त्यावर संध्याकाळी मुलगेच बसले, तर मोहल्ला निम्माच सुधारला. दिवा कुठे हवा, स्वच्छतागृह कुठे हवे, कोणत्या कोपऱ्यावरून जाताना पाऊल भरभर पडते, हे मुलींना आणि त्यांच्या अम्मींना अचूक ठाऊक असते. त्यांना बैठकीत बोलवायचे म्हणजे केवळ निरोप पाठवून चालत नाही. बैठकीची वेळ स्वयंपाकाच्या वेळेवर ठेवली नाही आणि जागा त्यांना येता येईल अशी निवडली, तरच त्या येतील. आल्यावर पुरुषांनी थोडे गप्प बसण्याची सवय लावून घ्यावी.

संस्कृतीबद्दलही थोडे मोकळे बोलायला हवे. आपल्या मोहल्ल्यात सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे एकतर धार्मिक जलसा, नाहीतर नेत्याच्या वाढदिवसाचा डीजे. या दोन्हींच्या मध्ये केवढी मोठी जागा रिकामी आहे! मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात नासिर शेख यांनी मोजक्या पैशांत 'मालेगाव के शोले' बनवला. फक्त बॉम्बस्फोट आणि दंगलीच्या बातम्यांतून ओळखल्या जाणाऱ्या गावाकडे त्यामुळे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. बार्शीचे अमर शेख मराठीतले मोठे लोकशाहीर होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव पोहोचला. आपल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? मुशायरा हवा, कव्वाली हवी. त्याच ओट्यावर शाहिरीही हवी, रॅपही हवा, आणि वस्तीतल्या दादी-नानीने सांगितलेली घर तुटल्याची गोष्टही. ज्या मुलाने आपल्या गल्लीवर गाणे लिहिले आहे तो त्या गल्लीत कचरा टाकताना दोनदा विचार करतो. आणि शेजारच्या बिगरमुस्लिम गल्लीतली मुले ते ऐकायला आली, तर शांतता समितीच्या चार बैठकांचे काम एका संध्याकाळी होते.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. काही मित्र विचारतात की कचरा उचलणे, झाडे लावणे, दिवे लावणे ही महापालिकेची कामे आहेत, आम्ही कर भरतो, मग आम्ही फुकट का राबायचे? आमच्या श्रमदानाने त्यांची जबाबदारीच संपणार नाही का? हा प्रश्न आळसातून आलेला नाही, त्यात तथ्य आहे. श्रीमंत वस्तीतल्या बागेसाठी तिथल्या लोकांना खड्डे खणावे लागत नाहीत. शहर नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा हवी. मुंबईत ती दीड चौरस मीटरही नाही आणि आपल्या मोहल्ल्यांत किती आहे ते मोजायला टेपही लागणार नाही. ही तफावत दहा-वीस कुंड्यांनी भरून निघणार नाही.

तरीही काम करायचे, आणि ते मागणीला जोड म्हणून करायचे. साफ केलेली गल्ली, जगवलेली झाडे, चालवलेले वाचनालय हा तुमचा पुरावा असतो. 'इथले लोकच घाण करतात' हे अधिकाऱ्याचे ठरलेले उत्तर त्याने बंद होते. मग प्रश्न त्याच्याकडे जातो: आम्ही आमचे केले, घंटागाडी रोज का येत नाही? काम न करता नुसती मागणी केली तर ती फाइलमध्ये पडून राहते. मागणी न करता नुसते काम केले तर दोन वर्षांत पोरे थकतात. दोन्ही हात एकदम चालायला हवेत.

मागण्याची साधने कायद्यात आहेतच. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. २००५च्या माहिती अधिकारात अर्ज करा आणि आपल्या प्रभागात शेवटच्या गणनेत किती झाडे होती ते विचारा. मागच्या तीन वर्षांत किती रोपे लावल्याची नोंद आहे, त्यावर किती खर्च झाला, हेही विचारा. मग चार मुले-मुली वही घेऊन निघा आणि प्रत्यक्ष मोजा. कागदावरचा आणि रस्त्यावरचा आकडा शेजारी शेजारी लिहिला की बोलायला वेगळे भाषण लागत नाही. मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यावर मुंबईत बराच काळ नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. अशा काळात तर वहीतली नोंद हाच नागरिकाचा आवाज असतो.

या पावसाळ्यात काय करता येईल? शंभर रोपांचा संकल्प नको, दहा पुरेत. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ अशी इथल्या मातीतली झाडे निवडा. प्रत्येक रोपाला एक नाव जोडा, म्हणजे पाणी घालणाऱ्याचे. खरी परीक्षा जुलैत नसते, ती एप्रिल-मेमध्ये असते आणि पहिले दोन-तीन उन्हाळे द्यावी लागते. जुन्या झाडांच्या बुंध्याला सिमेंटने आवळले असेल तर ते काढून घ्या. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते, अर्जात त्याचा उल्लेख करा. मशिदीचे आवार, कब्रस्तान, उर्दू शाळेचे पटांगण या जागा आपल्याच लोकांच्या ताब्यात आहेत. तिथे सुरुवात करायला महापालिकेची वाट पाहावी लागत नाही, फक्त विश्वस्तांना पटवावे लागते. वजूचे वाहून जाणारे पाणी झाडांकडे वळवणे हे एका प्लंबरचे दिवसभराचे काम आहे.

बॅनर लावायचाच असेल तर पुढच्या जूनमध्ये लावा. त्यावर चेहरे नकोत, तीन ओळी असू द्या: किती रोपे लावली, किती जगली, आणि महापालिकेकडे केलेल्या कोणत्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.