झाडणाऱ्या हातांचा विमा

पैठणहून निघणारी नाथांची पालखी आषाढात करकंबवरून पंढरीला जाते. दिंड्या पुढे सरकल्या की रस्ते, गटारे आणि पाणवठे पूर्ववत करण्याचे काम ग्रामपंचायतीच्या मूठभर कर्मचाऱ्यांवर येऊन पडते. वारकऱ्यांच्या प्रकृतीची काळजी शासन वाहते, ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या श्रमावर गावाचे आरोग्य उभे असते, त्या सफाई कामगाराच्या, पाणी सोडणाऱ्याच्या आणि दिवाबत्ती पाहणाऱ्याच्या आजारपणाचा भार कोणी उचलायचा? करकंबपासून पंढरपूरच्या नगरपरिषदेपर्यंत लहान स्थानिक संस्थांपुढे हा प्रश्न उभा आहे. त्याचे उत्तर विमा कंपनीच्या दारात शोधायचे की सार्वजनिक व्यवस्थेत, याचा निर्णय आता टाळता येणार नाही.

एकाच छपराखालची विषमता प्रथम पाहावी. ग्रामसेवक, ज्याला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हा जिल्हा परिषदेचा नोकर. त्याला वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा हक्क आहे. त्याच कार्यालयातला शिपाई आणि त्याच गावची गटारे उपसणारा कामगार हे ग्रामपंचायतीचे नोकर. त्यांना तो हक्क नाही. कंत्राटदाराकडून आलेल्या मजुराचे नाव तर हजेरीपटाबाहेर कोठेच नसते. धोका सर्वांत जास्त त्याला आणि संरक्षण सर्वांत कमी त्यालाच, असा हा उलटा न्याय आहे.

यावर ठरीव उत्तर मिळते की, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. ती आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होता. १ जुलै २०२४ पासून तिचे छत्र राज्यातील सर्व कुटुंबांवर धरले गेले आणि वार्षिक मर्यादा पाच लाख रुपये झाली. परंतु ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची आणि यादीत बसणाऱ्या उपचारांची आहे. रोजचा खोकला, रक्तदाबाच्या गोळ्या, त्वचेचे विकार आणि बुडालेली मजुरी यांना तिच्या यादीत जागा नाही.

दातांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. दुर्गंधीत काम करणारा माणूस तंबाखूचा बार भरतो, त्याच्या घरातील बाई मशेरी लावते. हिरड्या सडतात, तोंडात पांढरा चट्टा उठतो. त्या वेळी कोणी तोंड तपासले तर जबडा वाचण्याची आशा असते. पण तपासणी विम्यात बसत नाही. कर्करोगाची शस्त्रक्रिया मात्र बसते. बाजारातील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसीही अपघाताखेरीज दंतोपचार वगळतात. दात हा जणू देहाचा अवयवच नव्हे! जबडा कापण्यासाठी लाखो रुपये मंजूर करणारी आणि जबडा तपासण्यासाठी शंभर रुपये नाकारणारी व्यवस्था काटकसरी तर नाहीच, शहाणीही नाही.

मग खासगी गट-विमा घ्यावा काय? सरपंचाला आणि नगराध्यक्षाला हा मार्ग सोपा वाटतो: निविदा काढावी, सर्वांत कमी हप्ता मागणाऱ्याला काम द्यावे आणि मोकळे व्हावे. पण कमी हप्त्याच्या पोटात काय दडले आहे ते वाचण्याची तसदी घ्यावी लागते. आधीपासूनचा आजार धरला आहे की नाही? वृद्ध आईबाप धरले आहेत की नाही? खोलीभाड्याला मर्यादा असेल तर ती ओलांडताच बिलातील संबंधित इतर खर्चांतही त्या प्रमाणात कपात होऊ शकते, हे कामगाराला कोणी सांगितले आहे काय? कंत्राटी मजूर यादीत आहेत की ‘कायम’ या एका शब्दाने बाहेर पडले आहेत?

याहून मोठी अडचण संख्येची आहे. समजा, एका ग्रामपंचायतीत वीस कर्मचारी आहेत आणि प्रत्येकामागे दहा हजार रुपये हप्ता आहे. वर्षाचे दोन लाख जमले. एका हृदय-शस्त्रक्रियेचे बिल तीन लाख आले की कंपनीच्या लेखी ते गाव तोट्याचे ठरते, आणि पुढच्या वर्षी हप्ता तरी वाढतो किंवा करार तरी संपतो. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर माफ झाला, पण गट-विम्याला ती माफी दिली गेली नाही. एकट्याने विमा घेणाऱ्याला सवलत आणि एकत्र येणाऱ्यांना कर, हे धोरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मोठ्या संस्थांचा अनुभवही हेच सांगतो. मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली कर्मचाऱ्यांसाठी गट-विमा सुरू केला. कंपनीने वाढीव हप्ता मागितला आणि २०१७ साली ती योजना थांबली. मुंबईसारख्या श्रीमंत पालिकेची ही गत, तर करकंबच्या ग्रामपंचायतीची सौदाशक्ती ती किती! उलट पुणे महानगरपालिकेने अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना स्वतः चालवली. कर्मचारी वर्गणी देतात आणि बिलाचा बहुतेक भाग पालिका भरते. ती योजना विमा कंपनीकडे सोपवण्याचा विचार पुढे आला तेव्हा कामगार संघटनांनीच विरोध केला. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तिसरा मार्ग कर्मचारी राज्य विमा योजनेचा. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. २०१९ साली ठरलेल्या दरांनुसार कामगार वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. बारा हजार वेतनावर कामगाराचे ९० आणि मालकाचे ३९० रुपये होतात. वीस कामगारांसाठी संस्थेचा वर्षाचा वाटा ९३,६०० रुपये. त्या बदल्यात कुटुंबाला औषधोपचार, आजारपणाच्या रजेत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम आणि कामावरील दुखापतीची भरपाई मिळते. दंतोपचारही त्यात आहेत. सोलापुरात या योजनेचे रुग्णालय आहे. एके काळी ज्या शहरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते, तिथल्या कामगारांच्या वर्गणीची ती पुण्याई होय. जून २०२१ मध्ये केंद्राने केंद्रशासित प्रदेशांतील नगरपालिकांच्या कंत्राटी व हंगामी कामगारांना ही योजना लागू करण्याचे जाहीर केले आणि राज्यांनीही तसे करावे असे सुचवले. या योजनेच्या दवाखान्यांत डॉक्टर आणि औषधे अपुरी असतात, ही तक्रार खरी आहे. परंतु त्यावर इलाज दवाखाना सुधारणे हा आहे, कंपनीकडे पळणे हा नव्हे.

लहान गावाने मोठे उदाहरण घालून दिल्याचा दाखला जगात आहे. वेल्समधील ट्रेडेगर या खाणकामगारांच्या गावाने १८९० मध्ये पगारातून वर्गणी काढून आपली वैद्यकीय साहाय्य संस्था उभी केली. तेथे घडलेला अन्यूरिन बेव्हन १९४८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचा शिल्पकार झाला. दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावण्याचे ठरताच १९५१ मध्ये त्याने मंत्रिपद सोडले. गरिबाचे दात हा तत्त्वाचा प्रश्न आहे, हे त्याला कळले होते.

पैसा कोठून आणायचा, असा आक्षेप येईल. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली असते, आणि पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित निधीही वेतन व आस्थापनेवर खर्च करण्यास मनाई होती. म्हणूनच हा भार एकट्या गावावर टाकून भागणार नाही. सोलापूर जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्यांचे सारे कर्मचारी एका जिल्हा निधीत आले, आणि राज्याने वेतन-अनुदानाबरोबर मालकाच्या वर्गणीचा वाटा उचलला, तर एका शस्त्रक्रियेने कोणतेही गाव कोसळणार नाही.

कार्यकर्त्यांनी यासाठी ग्रामसभेत आणि पालिकेच्या दारात तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. कायम, रोजंदारी व कंत्राटी अशा सर्वांची एकच यादी करावी. राज्य शासनाने अधिसूचना काढून त्यांना कर्मचारी राज्य विम्याखाली आणावे, आणि ते होईपर्यंत जिल्हा निधी स्थापावा. प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा दातांसह संपूर्ण तपासणी व्हावी, आणि तिच्यासाठी पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात माणसे व साधने पुरवावीत.

सफाई कामगार खंगला किंवा मेला तर लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार त्याच्या वारसाला नोकरी मिळते. तो हक्क लढून मिळवलेला आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण बापाच्या पश्चात मुलाच्या हाती झाडू देण्याची हमी देणाऱ्या समाजाने बाप जगावा याची हमी आधी दिली पाहिजे.