ब्लूज कुणाच्या बापाचा?

बॉनी रेटचा विषय निघाला की आक्षेप घेणारे आधी तिच्या वडिलांवर येतात. जॉन रेट हे ब्रॉडवेचे नावाजलेले गायक-नट, 'कॅरोसेल' आणि 'द पजामा गेम' या संगीतिकांचे नायक. आई पियानो वाजवायची. मुलगी १९४९ साली कॅलिफोर्नियात जन्मली आणि पुढे रॅडक्लिफसारख्या प्रतिष्ठित कॉलेजात गेली. अशा खात्यापित्या गोऱ्या घरातल्या मुलीने मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून वर आलेलं गाणं गायचं, त्यावर नाव आणि पैसा मिळवायचा, ही उचलेगिरी नाही तर काय? हा झाला पूर्वपक्ष.

तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. ब्लूजच्या इतिहासात उचलेगिरी भरपूर झाली आहे. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या 'होल लॉटा लव्ह' गाण्यावर ब्लूज गीतकार विली डिक्सनचं नाव यायला डिक्सनला १९८५ साली कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि मग तडजोड झाली. काळ्या गायकांच्या तबकड्या कंपन्यांनी खपवल्या आणि गायकांच्या हाती फुटकी कवडी पडली नाही, हेही खरंच. तेव्हा लूट झालीच नाही असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा नाही. माझा वाद वेगळा आहे. लुटीचा आरोप कातडीचा रंग आणि बापाचा धंदा पाहून ठरवायचा, की हिशेबाच्या वह्या उघडून? वह्या उघडल्या तर रेटबाईंच्या बाबतीत आरोप टिकत नाही, आणि जिथे टिकतो तिथे आपल्या टीकाकारांचं लक्षच नसतं.

रॅडक्लिफला शिकत असताना तिची ओळख डिक वॉटरमनशी झाली. सन हाऊस, फ्रेड मॅकडॉवेल, बडी गाय, ज्युनियर वेल्स यांचे कार्यक्रम ठरवणारा हा माणूस. त्याच्यामुळे ती या म्हाताऱ्या मंडळींच्या सहवासात आली आणि कॉलेज मागे पडलं. मॅकडॉवेल हा मिसिसिपीतल्या कोमो गावचा शेतकरी. लोकसंगीत गोळा करत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सने १९५९ साली त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तोवर गावाबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं. आपण रॉक अँड रोल वाजवत नाही, असं त्याने आपल्या अल्बमच्या नावातच ठणकावून सांगितलं होतं. अशा माणसाकडून ही मुलगी स्लाइड गिटार शिकली. त्याआधी कान देऊन, तबकड्या ऐकून, घरीच तिने हात बसवला होता. कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या औषधाची काचेची बाटली पाण्यात भिजवून तिच्यावरची चिठ्ठी काढायची आणि ती बोटात घालायची. बहुतेक वादक ती अनामिकेत किंवा करंगळीत घालतात. हिने घातली मधल्या बोटात, कारण सांगायला कुणी नव्हतं. आणि कुणी सांगेपर्यंत हात तसाच बसला होता.

ही तांत्रिक बाब मुद्दाम सांगतो आहे. स्लाइडमध्ये तार पट्टीवर दाबायची नसते, काच तारेवरून नुसती सरकवायची. सूर पडद्यावर आयता बसलेला मिळत नाही, कानाने शोधावा लागतो. आपल्याकडची मींड ज्याने ऐकली आहे त्याला लगेच कळेल की इथे केसभर चूक झाली तरी ती उघडी पडते. रेटची काच सुरावर खालून येते, किंचित रेंगाळते आणि मग बसते. गळाही तेच करतो. नकलाकाराला लकब उचलता येते, हा रेंगाळण्याचा अंदाज उचलता येत नाही. तिच्या १९७३च्या 'टेकिन माय टाइम'मध्ये मॅकडॉवेलची गाणी आहेत. ती ऐका, मग मॅकडॉवेल ऐका. शिष्या गुरूसारखी वाजवत नाही, आणि गुरू कोण हेही लपवत नाही.

आता वह्या. १९७१च्या पहिल्याच अल्बममध्ये तिने सिपी वॉलेसची दोन गाणी घेतली. वॉलेसबाई १९२०च्या दशकात ओके कंपनीसाठी गायलेल्या. नंतर डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या. रेटने नुसतं नाव छापून हात झटकले नाहीत. नाव छापणं हे काही औदार्य नव्हे, ते कर्तव्यच. ती १९७२च्या ॲन आर्बर महोत्सवात वॉलेसबाईंच्या बरोबरीने गायली, पुढे त्यांना दौऱ्यांवर नेलं, आणि १९८२ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, वॉलेसबाईंचा स्वतःचा अल्बम ॲटलांटिककडून निघाला त्यातही तिचा हात होता. मॅकडॉवेल १९७२ साली गेला. त्याच्या थडग्यावरच्या दगडात नावाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि दगडही मोडका होता. १९९३ साली तिथे नवा दगड बसला, त्याचा खर्च रेटने दिला.

याला कुणी भावनिक परतफेड म्हणेल. म्हणू देत. पण रिदम अँड ब्लूज फाउंडेशनला तसं म्हणता येणार नाही. ही गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण खरी लूट कशी चालते ते इथे दिसतं. पन्नासच्या दशकात रूथ ब्राउनच्या गाण्यांनी ॲटलांटिक कंपनी उभी केली; कंपनीला लोक 'रूथने बांधलेलं घर' म्हणायचे. पुढे याच बाईला लोकांच्या घरची धुणीभांडी करावी लागली, शाळेची बस चालवावी लागली. कसं? कंपनी ध्वनिमुद्रणाचा आणि इतर खर्च गायकाच्या नावे मांडायची. रॉयल्टी आधी त्या खर्चात वळती व्हायची. खातं कायम तुटीत. त्यामुळे गाणी वर्षानुवर्षं विकली जात राहिली तरी गायक कर्जदारच. हॉवेल बेगल नावाच्या वकिलाने या खात्यांचा पाठपुरावा केला आणि १९८८ साली ॲटलांटिकने जुनी येणी माफ करून थकलेली रॉयल्टी द्यायचं मान्य केलं. त्यातूनच हे फाउंडेशन निघालं, जुन्या कलावंतांना मदत आणि मान देणारं. त्याच्या संस्थापकांत बॉनी रेट आहे. गोऱ्या गायिकेने ब्लूज गाऊ नये असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी रॉयल्टीचं एखादं विवरणपत्र वाचलंय, हे विचारायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. १९८९च्या 'निक ऑफ टाइम'पासून ती पॉप झाली, म्हणजे विकली गेली. शिवाय दारू सोडली आणि ब्लूजही सुटला, अशी त्याला जोडलेली कुजबुज. पैकी पहिली गोष्ट अर्धवट खरी. डॉन वॉजने निर्मिलेला तो अल्बम गुळगुळीत आहे, काही ठिकाणी मलाही फार गुळगुळीत वाटतो. पण त्याचा शेवट तिने स्वतः लिहिलेल्या ब्लूजने होतो, आणि शीर्षकगीतात चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई वय वाढण्याबद्दल जे बोलते ते त्या काळच्या पॉपमध्ये कुणी बोलत नव्हतं. या अल्बमच्या यशाला 'रातोरात यश' म्हणावं तर हा तिचा दहावा अल्बम. १९८३ साली वॉर्नर कंपनीने तिला नारळ दिला होता.

दारूची गोष्ट मात्र निव्वळ थोतांड. दुःखाशिवाय आणि बाटलीशिवाय ब्लूज नाही, ही समजूत बहुधा ज्यांना स्वतःला सकाळी उठून वाजवायचं नसतं त्यांनी पसरवली. रेटने १९८७ साली दारू सोडली, आणि त्याचं श्रेय तिने स्टीव्ही रे वॉनला दिलं. टेक्ससचा हा गिटारवादक तिच्या आधी व्यसनातून बाहेर आला होता, आणि शुद्धीवर राहून वाजवणारा वॉन तिला अधिकच चांगला वाजवताना दिसला. त्याचा 'इन स्टेप' आणि तिचा 'निक ऑफ टाइम' दोन्ही १९८९चे, दोन्ही निर्व्यसनी माणसांनी केलेले. यांत ब्लूज कमी पडला असेल तर दाखवून द्या. पुढच्याच वर्षी हेलिकॉप्टर अपघातात वॉन गेला. तिथे दारूचा संबंध नव्हता.

२०२३ साली तिच्या 'जस्ट लाइक दॅट'ला 'साँग ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं. समोर बियॉन्से, ॲडेल, टेलर स्विफ्ट. एका ब्रिटिश दैनिकाने तर मथळ्यातच तिला अज्ञात ब्लूज गायिका ठरवलं. पन्नास वर्षांहून अधिक गाणारी बाई अज्ञात! त्या गाण्यातल्या आईला एक अनोळखी माणूस भेटायला येतो. त्याच्या छातीत तिच्या मेलेल्या मुलाचं हृदय आहे. एकटीने लिहिलेलं गाणं, वाद्यमेळ अगदी मोजका. जाहिरातीचा गोंगाट नसलेलं गाणंही ग्रॅमीच्या मतदारांनी ऐकलं असेल, ही शक्यता मथळा देणाऱ्याच्या मनातही आली नाही.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. जॉन ली हुकरने 'आय ॲम इन द मूड' हे गाणं १९५१ साली गाजवलं. त्याला पहिलं ग्रॅमी मिळालं १९९० साली, याच गाण्यासाठी, पण रेटबरोबर नव्याने गायल्यावर. शेजारी गोरी बाई उभी राहिल्याशिवाय ग्रॅमी देणाऱ्या अकादमीला हुकर दिसला नाही. याचा जाब विचारायचा तर तो अकादमीलाच विचारावा लागेल. रेटने स्वतःच्या हाताशी असलेला माइक तेवढा त्याच्यापुढे केला होता.