केडगावची फळबाग

आमच्या ख्रिस्ती घरांतून मुलांचे शिक्षण, सोयरीक, घरखरेदी किंवा परदेशची नोकरी असा एखादा प्रश्न उभा राहिला, म्हणजे वडीलधारी मंडळी एकत्र बसून सारा बेत मुक्रर करतात, कर्जाचे हप्तेसुद्धा मांडून पाहतात, आणि मग पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थना होते. ती ऐकताना मला पुष्कळदा वाटत आले आहे की, आपण देवाला मार्ग विचारीत नसून तयार मसुद्यावर त्याचे शिक्कामोर्तब तेवढे मागत आहो. मसुदा नामंजूर झाला की आपली श्रद्धा डळमळते. ज्या प्रभूने गेथशेमानेत स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली, त्याच्या अनुयायांना ही रीत शोभत नाही. पौलालाही आशिया व बिथुनिया हे दोन्ही प्रांत बंद झाले, तेव्हाच त्रोवसाच्या किनाऱ्यावर मासेदोनियाची हाक ऐकू आली.

पण त्यासाठी त्रोवसापर्यंत जाण्याचे कारण नाही; पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकून परत यावे व येथील स्त्रियांची सेवा करावी या निश्चयाने. परंतु त्यांना ऐकू कमी येत असे, आणि त्या व्यंगामुळे तो मार्ग कायमचा खुंटला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1889 मध्ये मुंबईस शारदा सदन निघाले, ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि त्याला 10 वर्षे साहाय्य देण्याचे अमेरिकेतील हितचिंतकांनी कबूल केले होते. मुदत संपल्यावर संस्थेचे कसे चालावे या विवंचनेने रमाबाईंनी केडगावी जमीन खरेदी केली, आणि तेथे फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर सदनाचा खर्च भागवावा असा हिशेब केला. यात अविश्वास कोठेच नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण देवावर भरवसा म्हणजे हात बांधून बसणे, अशी एक आळशी समजूत आपल्या मंडळ्यांतून वावरत असते.

तोच 1896 मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. जिने 1874 च्या सुमारास उपासमारीच्या भटकंतीत आई, वडील आणि बहीण गमावली होती, तिला ही वार्ता ऐकून स्वस्थ बसवेना; रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि अन्नान्न झालेल्या मुलींना व विधवांना, जात न विचारता, घेऊन आल्या. शारदा सदन एव्हाना पुण्यास हलले होते, पण तेथे प्लेगचा बंदोबस्त सुरू असल्यामुळे या नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावी हलवावे लागले. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन खर्चाचे घर झाली, आणि त्या खर्चाच्या घरातूनच मुक्ती सदन उभे राहिले! पुढे 1900 च्या दुष्काळात गुजरातेतील मुलीही तेथे आल्या. शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग त्यांच्या हातांनी चालू लागले. वैद्यकाची वाट बंद करणारे बहिरेपण, दुष्काळ आणि प्लेग यांपैकी एकही गोष्ट रमाबाईंच्या आराखड्यात नव्हती.

येथे एक शंका रास्त आहे. ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणून दुसऱ्यांवर सत्ता गाजविणारे लोक प्रत्येक पंथात असतात, आणि त्यांच्यापुढे मान तुकविण्यालाच पुष्कळ भाविक ईश्वरी मार्गदर्शन समजून चालतात. रमाबाईंनी तसे केले नाही. इंग्लंडात त्यांना आसरा देणाऱ्या वाँटेजच्या मठातील भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात, ज्यांचे उपकार त्या आमरण विसरल्या नाहीत त्यांनाच, आपल्या सदसद्विवेकाची मालकी कोणा धर्माधिकाऱ्याकडे नाही असे त्यांनी निक्षून बजावले. खऱ्या मार्गदर्शनाची माझ्या मते एक ठळक खूण आहे: त्याची किंमत ऐकणाऱ्याला स्वतः मोजावी लागते, शेजाऱ्याला नव्हे. केडगावी फळबागेचे उत्पन्न गेले ते रमाबाईंचेच.

आणि जिथे बेत मोडण्याबरोबर माणूसच हिरावून नेला जातो, तिथे आपण जिभेला लगाम घालावा. आपल्या मागे कन्या मनोरमाबाईंनी मुक्तीचा कारभार पाहावा अशी रमाबाईंची अपेक्षा होती. मनोरमाबाई 1921 मध्ये वारल्या. अशा मातेसमोर ‘ही देवाचीच योजना’ असे म्हणून मोकळे होणारे सांत्वन मला निष्ठुर वाटते, कारण त्या आघाताचा अर्थ सांगणाऱ्याला ठाऊक नसतो आणि ऐकणारीलाही त्या घटकेला तो नको असतो. रमाबाईंनी त्याचा अर्थ लावीत बसण्याऐवजी हिब्रू व ग्रीक मुळांवरून चालविलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर पुन्हा हाती घेतले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी प्रभूत विसावण्यापूर्वी ते पुरे केले.