बालकाचे वैगुण्य आणि मातेवरील आळ

तीन-चार वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून घरची मंडळी त्याला चिकित्सालयात घेऊन येतात. मूल आईच्या कडेवर असते; बोलणे मात्र आजींचे चालते. ‘हिने ग्रहण पाळले नाही’ हे पहिले वाक्य, आणि ‘सातव्या महिन्यापर्यंत नोकरी सोडली नाही’ हे दुसरे. आई खाली मान घालून उभी असते. पिता बहुधा गाडी लावण्यास गेलेला असतो. हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्या वेळी वैद्याच्या मुखातून जे शब्द निघतात त्यांवर त्या घराची पुढील अनेक वर्षे अवलंबून असतात, आणि ते शब्द आपण फार सैलपणे उच्चारतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याजवळ शास्त्राधार असतो, हीच येथे अडचण होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भोपघातकर भाव सांगितले आहेत. नित्य शोक करणारी, नित्य झोपणारी, नित्य मद्य घेणारी अशा गर्भिणींना कशी अपत्ये होतात ती यादी आपण पदवीच्या काळात पाठ केली. दौहृदाची अवमानना झाल्यास कुब्ज, जड, वामन अपत्य संभवते, असे सुश्रुतसंहिता सांगते. हे सारे गर्भिणीच्या रक्षणासाठी, प्रसूतीच्या आधी वापरावयाचे ज्ञान आहे. आपण मात्र ते मूल चार वर्षांचे झाल्यावर आरोपपत्र म्हणून वाचतो. बरे, दौहृद पुरवावयाचे कोणी? घराने. मग त्याची अवमानना हा दोष कोणाचा? जी नित्य शोक करते तिला शोक कोण देते, हा प्रश्न केसपेपरवर आम्ही कधी लिहिलेला पाहिला नाही. शिवाय पित्याच्या शुक्रदोषांचे परिणामही याचप्रमाणे जाणावेत, असे चरकाचार्य त्या यादीच्या अखेरीस सांगतात. ते वाक्य परीक्षेत विचारले जात नसल्यामुळे की काय, कोणाच्या लक्षात राहत नाही.

मातेस दोषी धरण्याची ही खोड केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले, आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकेत आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते ही समजूत तज्ज्ञांमध्येच बळावली. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात तीच मांडली. स्वतः स्वमग्न मुलाचे पिता असलेले बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच तिचे खंडन केले होते. आज स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा मानला जातो. परंतु मधल्या काळात ज्या मातांनी हा आळ सोसला, त्यांची भरपाई कोणी केली नाही.

दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी आमची चूक सांगणे योग्य होईल. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत अडीच वर्षांचा, न बोलणारा एक मुलगा आमच्याकडे आला. गर्भिणी अवस्थेत वातप्रकोप झाला असावा, असे आम्ही त्याच्या आजींना सांगितले. ब्राह्मीघृत, वचा आणि दर पुष्य नक्षत्रास सुवर्णप्राशन असा क्रम दीड वर्ष चालला. मूल हसरे होते, नजर देत होते, खुणांनी सर्व सांगत होते. तरी त्याला ऐकू येते की नाही, हे तपासून घेण्याची बुद्धी आम्हास झाली नाही. अखेर अंगणवाडीतील सेविकेला शंका आली. शहरात बेरा तपासणी झाली आणि दोन्ही कानांनी तीव्र बधिरता निघाली. आई-वडील आते-मामे भावंडे होती. ज्या संहितेत ‘अतुल्यगोत्रीय’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे ती शिकलेल्या आम्ही हे विचारलेही नव्हते. भाषा रुजण्याची दीड वर्षे गेली, आणि आमच्या त्या ‘वातप्रकोप’ शब्दाचा आधार घेऊन सुनेला सहा महिने माहेरी धाडण्यात आले होते, हे आम्हास नंतर कळले.

मेध्य रसायनांस आमचा विरोध नाही. निदानाच्या जागी रसायन देण्यास आहे. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत, हा आज मान्य झालेला क्रम आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकांत आयुष डॉक्टरच असतात; म्हणजे अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलाकडे पाहणारा पहिला वैद्यकीय डोळा पुष्कळदा आपल्याच पदवीचा असतो. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मूल पाठविण्यात कमीपणा तो कसला?

काश्यपसंहितेकडे पाहावे. वर्षाचे झाले तरी पावलाने न चालणारे मूल ते फक्क. त्याचे क्षीरज, गर्भज आणि व्याधिज असे भेद. तेथे औषधे आहेत, स्नेहन आहे, आणि चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा फक्करथही आहे. कारणाची मीमांसा झाल्यावर आचार्य सुताराकडे वळतात, हे आम्हास फार मोलाचे वाटते. घराचा खरा प्रभाव येथे सुरू होतो. रथ असला तरी मुलाला रोज त्यात उभे कोणी करावयाचे? खेळणी रंगीत, नाद करणारी, हलकी, बोथट आणि तोंडात न जाणारी असावीत, मुलाला भुताखेतांची भीती घालू नये, असे चरकाचार्यही सांगतात. हे पाळणारे घर लागते. आणि घर म्हणजे एकटी आई नव्हे. कोयता घेऊन सहा महिने उसाच्या फडात राहणाऱ्या जोडप्याला ‘मुलाशी भरपूर बोला’ असा सल्ला देणे सोपे. त्यांच्या पहाटे चारच्या दिवसात तो बसवावयाचा कसा, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवावे लागते. आजी गावी राहते की फडावर येते, यावर कधीकधी सारी चिकित्सा अवलंबून असते.

आमच्या चिकित्सालयात अलीकडे एक लहानसा बदल केला आहे. गाडी लावण्यास गेलेला पिता आत येऊन बसेपर्यंत आम्ही गर्भिणी अवस्थेविषयी एकही प्रश्न विचारीत नाही.