लांडगा आणि गुराख्याचा कुत्रा

लांडगा म्हटला कीं आपणांस शेळ्यामेंढ्यांचा वैरी आठवतो. त्यास वांचवावें असें कोणी म्हणूं लागल्यास ऐकणारास तें विपरीत वाटणें साहजिक आहे. तथापि इथिओपिया देशाच्या बाले पर्वतावर हा उद्योग गेलीं अनेक वर्षें चालू आहे; आणि तो ज्या रीतीनें चालला आहे, ती रीत आमच्या मतें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि विचारांत घ्यावी अशी आहे.

इथिओपिया म्हणजे आपल्या इतिहासांतील हबसाण. मलिकंबर मूळचा तेथलाच. आफ्रिकेंतील देश म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें तापलेली वाळू उभी राहते. परंतु बालेचें सानेत्ती पठार ४,००० मीटरांहून उंच असून तेथें रात्रीं पाणी गोठतें. अशा थंडींत माणसाहून उंच वाढणारी लोबेलिया ही वनस्पति उभी असते. ती आयुष्यांत एकदांच फुलते व मग मरते. दक्षिणेच्या उतारावर हारेन्नाचें घनदाट अरण्य आहे. त्यांत कॉफीचीं झुडपें आपोआप उगवतात, आणि बांबूच्या बनांत मुख्यत्वें बांबूवरच पोट भरणारें एक माकड राहतें. पर्वतीय न्याला हें भारदस्त हरिण तर इथिओपियाबाहेर कोठेंच नाहीं; त्यास शास्त्रीय नांव मिळालें तें १९१० सालीं. २०२३ सालीं युनेस्कोनें येथील राष्ट्रीय उद्यानाची गणना जागतिक वारशांत केली, ती यथायोग्यच होय.

येथील लांडगा तांबूस रंगाचा, लांब पायांचा व कोल्ह्यासारख्या निमुळत्या तोंडाचा असतो. तो कळप करून राहतो, पण शिकार एकटा करतो, आणि ती बहुतेक उंदरांची. त्याचें आवडतें भक्ष्य असा बिळांत राहणारा एक मोठा उंदीर बालेखेरीज जगांत अन्यत्र आढळत नाहीं. म्हणजे गुराख्याच्या कोंकरांस त्याचें भय थोडें. उलट गुराख्याच्या कुत्र्याचें भय लांडग्यास फार! तरस व बिबटे ह्यांपासून गुरें राखण्यासाठीं पाळलेल्या ह्या कुत्र्यांकडून पिसाळण्याचा रोग लांडग्यांत शिरतो. १९९१, २००३ व २००८ सालीं अशा सांथी येऊन कळपचे कळप नाहींसे झाले. साऱ्या जगांत हे लांडगे सुमारे ५०० च उरले असून त्यांतील निम्म्याहून अधिक बालेंतच आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एका सांथीचा अर्थ कळतो.

ह्यावर दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, माणसें व गुरें डोंगरावरून घालवून द्या. दुसरा म्हणतो, गरिबाचें पोट आधीं. श्वापदें राहोत वा जावोत. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. ओरोमो गुराखी पिढ्यान्‌पिढ्या तेथें गुरें चारीत आले आहेत. त्यांस हुसकून लावल्यास रानास राखणदार न मिळतां वैरी मात्र मिळतील. परंतु गुरांची संख्या वाढतच गेली व नांगर वर वर चढत गेला, तर जमीन धुपते, दलदली आटतात, आणि ह्याच डोंगरांत उगम पावून सोमालियापर्यंत जाणाऱ्या नद्यांचें पाणी धोक्यांत येतें. त्यांत पहिली हानि गरिबाचीच आहे.

बालेंत चालू असलेला मार्ग तिसरा आहे; तो म्हणजे गुराख्यांच्या कुत्र्यांस लस टोंचणें. कुत्रा पिसाळला नाहीं, तर गुराख्याचें मूल वांचतें, गाय वांचते आणि लांडगाहि वांचतो. २०१८ पासून मांसांत लस घालून ती खुद्द लांडग्यांसहि देण्यास आरंभ झाला आहे. हें काम एकदां करून संपत नाहीं. नवीं पिलें जन्मतच असतात, म्हणून तें पुनःपुन्हा करावें लागतें. शिवाय लशीनें चराईचा प्रश्न सुटत नाहीं. कोठें किती गुरें चारावीं, हें गुराख्यांशीं बसून ठरविलें पाहिजे, आणि गुरें कमी केल्यानें त्यांस जी झीज लागेल ती भरून दिली पाहिजे. वारसा सर्व जगाचा म्हणवून घ्यावयाचा, आणि त्याचा भार मात्र एकट्या गुराख्यानें वाहावयाचा, हा न्याय नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, पर्वतांच्या उंच्या व प्राण्यांचीं नांवें तुम्ही पाठ करतां, तें चांगलेंच आहे. तुलू दिम्तू हें बालेचें शिखर ४,३७७ मीटर उंच आहे, हेंहि वहींत लिहून ठेवा. पण त्यापुढें एक प्रश्न लिहा: तेथें कोण राहतें, व त्याचें कसें चालतें? ह्याचें उत्तर शोधल्यावांचून कोणत्याहि रानाच्या रक्षणाविषयीं मत देऊं नये, असें आम्हांस वाटतें.