घरकुल गरिबाचे, फी वकिलाची

जळगावच्या करदात्या बंधूंनो, बांधकामाचे भांडण किती महागात पडते हे तुम्हांस आम्ही काय सांगावे! १९९६-९७ च्या सुमारास आपल्या नगरपालिकेने झोपडीत राहणाऱ्या गोरगरिबांसाठी अकरा हजारांवर घरकुले बांधण्याचा घाट घातला. हुडकोचे कर्ज काढले. जमिनीचा पत्ता नीट नाही, बिनशेतीचा परवाना नाही, आणि मक्तेदाराला मात्र कोट्यवधींची बिनव्याजी उचल! घरे उभी राहिली ती थोडीच. फेब्रुवारी २००६ मध्ये आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २९ कोटींच्या अपहाराची फिर्याद दिली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सुरेशदादा जैन यांच्यासह ४८ जणांस दोषी ठरविले. त्यावर अपिले झाली, जामीनही झाले. कायद्याचे काम कायदा करील. आमचे म्हणणे निराळेच आहे.

त्या फौजदारी खटल्यात फिर्यादीतर्फे उभा राहणारा वकील सरकारचा, त्याची फी सरकारी खजिन्यातली. पण हुडकोच्या कर्जाचा तंटा पालिकेच्या गळ्यात पडला. १४१ कोटींचे कर्ज, आणि कर्जवसुली न्यायाधिकरणाचा हुकूमनामा ३४१ कोटींचा! खाती गोठली, झाडूवाल्या कामगाराचा पगार अडला. अशा वेळी जळगावाबाहेरच्या न्यायाधिकरणांत वकील उभा करणे पालिकेला भागच होते.

बाहेरचा वकील आणला म्हणून आम्ही ओरडत नाही. गावातल्या बड्या धेंडांशी गाठ असली म्हणजे गावचा वकील कित्येकदा कचरतो. कोणाचा तो आप्त असतो, कोणाचा मिंधा. तेव्हा परगावचा माणूस बरा, हे आम्हांलाही पटते. मात्र जळगावात कायद्याचे कॉलेज असता, शेतकऱ्यांची पोरे सनदा घेऊन कोर्टाच्या आवारात काळा कोट घालून उन्हात उभी असता, साध्यासुध्या दाव्यासाठीही मुंबईकडे तोंड करण्याची खोड लागली तर ती मोडलीच पाहिजे. आणि कोणता वकील, किती तारखांना, किती रुपयांस, हे करदात्यास कळू नये असा कोणता गुप्त मंत्र त्यात आहे? पिंप्राळ्याच्या हुडकोत राहणाऱ्या बाईने घरपट्टी थकविली तर नोटीस दारावर चिकटते. वकिलाचे बिल मात्र सतरा मजली इमारतीच्या कपाटात!

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या म्युनिसिपालिटीत सभासद होते. ते स्वतः बांधकामाचे मक्ते घेणारे. चुना किती, दगड किती, मध्ये कोण किती खातो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागताला हजार रुपये मंजूर झाले, तेव्हा विरोधात हात वर करणारे ते एकटेच. आपल्या शहरात त्यांच्या नावाचे मार्केट आहे. घरकुलांचे ठराव झाले त्या सभागृहात बहुजनांचे प्रतिनिधी काही थोडे नव्हते. भटशाहीस शिव्या देऊन निवडून आलेले आमचेच भाऊबंद ठरावावर मुकाट्याने अंगठा उठवीत असतील, तर त्यांना आम्ही भाऊबंद म्हणून सोडणार नाही. उलट त्यांनाच आधी विचारू.

कारण मौज अशी की, पालिकेस वकील आहे, हुडकोस वकील आहे, आरोपींस तर नामांकित वकील आहेत. ज्याच्या नावाने कर्ज काढले त्या झोपडीवाल्यास कोणत्याच कोर्टात वकील नाही. त्याने कर भरावा, त्या करातून व्याज जावे, त्याच करातून फी जावी, आणि त्याने पावसाळ्यात पत्र्याखाली भांडी मांडावीत.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे आणि त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे असला खर्च कोणी न मागता प्रसिद्ध करणे पालिकेवर बंधनकारक आहे. आयुक्तांनी बांधकामाच्या प्रत्येक दाव्याचा तक्ता मराठीत छापावा: दावा कोणता, वकील कोण, आजवर दिले किती, निकाल काय. तो प्रत्येक प्रभागाच्या कचेरीबाहेर डकवावा. आणि नगरसेवकांनी फीच्या ठरावावर नावानिशी मत द्यावे. एकमताने मंजूर, ही पळवाट आम्हांस नको.