अस्सल म्हणजे काय? (वॉर्सा शहराच्या निमित्ताने)

युरोप पाहून आलेल्या माणसाला ‘काय काय पाहिलेत?’ असे विचारले, की उत्तर बहुधा इमारतींच्या यादीने मिळते. आणि प्रत्येक इमारतीच्या नावापुढे तिचे वय लावलेले असते. हे चर्च आठशे वर्षांचे, तो किल्ला हजार वर्षांचा, अमुक पूल थेट रोमन काळातला. वास्तू जितकी म्हातारी तितकी ती पाहण्याजोगी, असा हिशेब आपण मनाशी पक्का केलेला असतो.

या हिशेबात न बसणारे एक शहर युरोपात आहे. ते म्हणजे पोलंडची राजधानी वॉर्सा. तेराव्या शतकात वसलेला तिचा गाभा ‘जुने शहर’ या नावाने ओळखला जातो. मधला चौक, चौकाभोवती रंगीत दर्शनी भिंतींची उंच अरुंद घरे, बाजूला तटबंदी, टोकाला राजवाडा. पाहणाऱ्याला वाटावे, चारशे वर्षांत येथली वीटही हललेली नाही. प्रत्यक्षात या चौकाचे पुन्हा उद्घाटन झाले ते २२ जुलै १९५३ रोजी. राजवाडा तर १९७१ ते १९८४ या काळात बांधला गेला. म्हणजे हे ‘जुने शहर’ आपल्या आजोबांच्या वयाचे, आणि राजवाडा आपल्या वडिलांच्या!

हे कळताच पुष्कळांचा उत्साह मावळतो. ‘मग ती नक्कलच की! त्यात पाहायचे काय?’ हा प्रश्न आमच्या वर्गातल्या चर्चेतही निघाला होता, आणि विचारणाऱ्याच्या बाजूने अनेकांनी माना डोलावल्या होत्या. वॉर्साला जाण्याचा योग मला अद्याप आलेला नाही. परंतु जे वाचले आणि चित्रांतून पाहिले, त्यावरून माझे मत नेमके उलटे झाले आहे. ते येथे मांडतो.

प्रथम हे शहर गेले कसे, ते पाहू. १७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्याने राजवाड्याला आग लागली. त्याच्या मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले. पुढे जर्मनांनी राजवाड्याच्या भिंतींना सुरुंगासाठी भोके पाडून ठेवली आणि १९४४ च्या सप्टेंबरात तो उडवून दिला. त्या वर्षी १ ऑगस्टला वॉर्साच्या लोकांनी उठाव केला होता. तो त्रेसष्ट दिवस चालला आणि २ ऑक्टोबरला संपला. खरी गोष्ट घडली ती त्यानंतर. लढाई थांबली होती, नागरिकांना शहराबाहेर हाकलले होते, आणि मग खास पथके एकेका रस्त्याने घरे जाळत व सुरुंग लावत पुढे सरकली. क्राशिन्स्की ग्रंथालयातली दुर्मीळ हस्तलिखिते याच ऑक्टोबरात जळाली. ग्रंथालय जाळून कोणती लढाई जिंकता येते? हा विध्वंस युद्धाच्या ओघात झालेला नव्हता. या लोकांचा काही इतिहासच नव्हता असे ठरवण्यासाठी तो होता. १७ जानेवारी १९४५ रोजी जर्मन हटले तेव्हा ऐतिहासिक वॉर्साचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झालेला होता.

आपल्या भाषेत ‘जीर्णोद्धार’ असा एक शब्द आहे. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला तर आपण त्याला नक्कल म्हणत नाही, पुण्यकर्म म्हणतो. वॉर्सा तर जीर्णही झालेले नव्हते, त्याचा खून झाला होता. मग त्याला पुन्हा उभे करणाऱ्यांनाच ‘नकलाकार’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

आता पुनर्बांधणी झाली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. विशेषतः आपण विद्यार्थ्यांनी. वॉर्साच्या तंत्र विद्यापीठातील प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्स्की यांनी युद्धापूर्वीच एक प्रघात पाडला होता. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मापे घ्यायची आणि त्यांची रेखाटने करायची. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो अभ्यासक्रमातला एक भाग. कंटाळत, कुरकुरतही कित्येकांनी तो उरकला असेल. सोस्नोव्स्की स्वतः १९३९ च्या सप्टेंबरात जखमी होऊन वारले. पण ती रेखाटने त्यांचे सहकारी यान झाख्वातोविच व इतरांनी जपली, उठावानंतर शहराबाहेर काढली आणि पिओत्र्कूव गावच्या मठात लपवून वाचवली. पुढे त्याच कागदांवरून घरे उभी राहिली. वह्यांत घेतलेली मापे एखाद्या राजधानीच्या कामी येतील, असे त्या मुलांना स्वप्नातही वाटले नसेल.

दुसरा आधार होता चित्रांचा. अठराव्या शतकात राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याच्या पदरी बर्नार्दो बेलोत्तो नावाचा इटालियन चित्रकार होता. त्याने वॉर्साच्या रस्त्यांची आणि वाड्यांची मोठी चित्रे काढली होती. राजवाड्यापासून निघणाऱ्या रस्त्यावरील काही इमारतींचे दर्शनी भाग त्या चित्रांवरून बांधले गेले. गंमत अशी, की बेलोत्तो हा काही नकाशेकार नव्हता. चित्र शोभून दिसावे म्हणून त्याने कुठेकुठे तपशील बदलले होते. त्यामुळे काही ठिकाणी आज उभी आहे ती मूळ इमारत नव्हे, तर चित्रकाराने कल्पिलेली इमारत!

टीकाकारांना येथे आयतेच कोलीत मिळते. शिवाय दर्शनी भिंती जुन्या धर्तीच्या असल्या तरी आत नव्या सोयींची घरे केलेली आहेत. सेंट जॉन कॅथीड्रलचा दर्शनी भाग युद्धापूर्वी होता तसा बांधलाच नाही. एकोणिसाव्या शतकातला पेहराव बाजूला सारून त्याला मध्ययुगीन वळणाचे नवे रूप दिले. ही सगळी टीका खरी आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ती सर्वांत आधी स्वतः झाख्वातोविच यांनी केली होती. जुन्या वास्तू जपाव्यात, त्या नव्याने घडवू नयेत, हा त्यांच्या शास्त्राचा नियम त्यांना पाठ होता. आपण करतो आहोत ते शास्त्राच्या दृष्टीने खोटे आहे, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. तरीही आपली संस्कृती आपल्यापासून हिरावून घेतली जावी, हे आपण मुकाट्याने पत्करणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

नक्कल आणि लबाडी यांतला फरक येथे आहे. लबाडी आपले वय लपवते. वॉर्साने ते लपवलेले नाही. राजा झिगमुंटचा १६४४ सालचा स्तंभ १९४४ मध्ये कोसळला आणि १९४९ मध्ये नवा दगड घालून पुन्हा उभा राहिला. मोडलेले जुने खांब राजवाड्याशेजारी आजही आडवे ठेवलेले आहेत. राजवाड्यातून स्तानिस्लाव लोरेन्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीव धोक्यात घालून वाचवलेले कोरीव तुकडे नव्या भिंतींत बसवलेले आहेत. आणि मनोऱ्यावरचे घड्याळ १९ जुलै १९७४ रोजी पुन्हा सुरू केले ते बरोबर सव्वाअकरा वाजता. युनेस्कोने १९८० साली हे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते मध्ययुगीन शहर म्हणून नव्हे, तर जवळजवळ संपूर्ण पुनर्बांधणीचे उदाहरण म्हणून. तेव्हा अस्सलपणा विटेच्या वयात शोधू नये. ती वीट कोणी, केव्हा आणि कशासाठी रचली हे प्रांजळपणे सांगण्यात तो शोधावा.

परंतु हीच कसोटी लावली तर वॉर्साचे सारेच काही गोड मानून घेता येत नाही. युद्धापूर्वी या शहरातला जवळपास दर तिसरा माणूस ज्यू होता. १९४० च्या नोव्हेंबरात त्यांना भिंतीआड कोंडले गेले. त्यांतील बहुसंख्यांना ठार मारले गेले. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी उठाव केला. तो चिरडल्यावर जर्मनांनी १६ मे रोजी तेथले भव्य सिनेगॉग सुरुंगाने उडवले आणि सारा भाग भुईसपाट केला. ते सिनेगॉग पुन्हा बांधले गेले नाही. त्या जागी आता काचेची उंच कार्यालयीन इमारत आहे. भुईसपाट झालेल्या भागात, त्या ढिगाऱ्यावरच आणि त्याच ढिगाऱ्याच्या चुऱ्यापासून केलेल्या ठोकळ्यांनी मुरानूव ही नवी वसाहत बांधली. तेथे १९४८ मध्ये वीरांचे स्मारक झाले. मोठे संग्रहालय उभे राहायला मात्र २०१३ साल उजाडले. आठवण जपण्यासाठी आठवणारी माणसे जिवंत असावी लागतात, हेच यातून दिसते.

आणि विटांचे काय? वॉर्सा बांधण्यासाठी लागलेल्या विटा व्रोत्स्वाफसारख्या, युद्धानंतर पोलंडकडे आलेल्या पूर्वीच्या जर्मन शहरांतून गाड्या भरभरून आणल्या. त्यापायी तेथल्या डागडुजी करता आल्या असत्या अशा इमारतीही पाडल्या गेल्या. एका शहराचे पुनरुज्जीवन दुसऱ्याच्या अंगावरचे मांस काढून झाले, हेही त्या सुंदर चौकात उभे राहणाऱ्याने विसरू नये.

हा सारा दूर देशीचा मामला वाटेल. पण त्याचा एक धागा थेट कोल्हापुरापर्यंत येतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांतले बहुतेक पूर्व पोलंडातून सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे नेलेले. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावेच सोव्हिएत संघात गेली होती. वॉर्साच्या माणसाला ढिगाऱ्यात का होईना, परतायला गाव होते. यांना तेही नव्हते. वॉर्सात आज वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे. ज्यांचे घर पुन्हा बांधता येत नाही, त्यांच्या वाट्याला असा एखादा दगडच येतो.

शेवटी एका चालू वादाबद्दल. वॉर्सात साक्सन राजवाडा नावाची इमारत होती. बालपणी शोपँ याचे कुटुंब तेथे राहिले होते, आणि १९३२ मध्ये जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची सांकेतिक भाषा पोलिश गणितज्ञांनी उलगडली तीही तेथेच. १९४४ च्या डिसेंबरात तो उडवला गेला. कमानींचा एक लहानसा तुकडा उरला, आणि त्या तुकड्याखाली १९२५ पासून अज्ञात सैनिकाची समाधी आहे. हा राजवाडा पुन्हा बांधावा असा कायदा पोलंडच्या संसदेने २०२१ मध्ये केला. शत्रूचा निकाल शेवटचा ठरू नये, असे त्याचे समर्थक म्हणतात. युक्तिवाद बिनतोड वाटतो, तरी मला तो पटत नाही. १९४५ साली घरे बांधणाऱ्यांनी ती जळताना पाहिली होती आणि त्यांना तेथे राहायचे होते. त्यांची गरज खरी होती म्हणून त्यांची नक्कलही खरी ठरली. ऐंशी वर्षांनंतर चित्र वेगळे आहे. आता त्या चौकात सर्वांत अस्सल काही असेल, तर ती मोडकी कमान. शहराने जे सोसले त्याची ती एकमेव न बोलणारी साक्षीदार आहे. तिच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत भिंती उभ्या केल्या की साक्ष पुसली जाईल आणि उरेल ती खरोखरीची नक्कल.

निर्णय अर्थात त्या शहराचा आहे. आपण प्रवासी, आणि त्यातही बहुतेक जण पुस्तकातले. पण यापुढे कोणी युरोप पाहून आला, तर इमारत किती जुनी एवढेच त्याला विचारू नये. ती पाडली कोणी, पुन्हा बांधली कोणी, आणि शेजारची का बांधली नाही, हेही विचारावे.